जीप उघडण्याआधी

जुनी जीप गॅरेजच्या दारात आली की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. बॉनेट काढून भिंतीला टेकवतात, सीटा बाहेर येतात, डेंटर पत्रा ठोकायला लागतो आणि मिस्त्री इंजिन उतरवतो. महिन्याभरात चासी एकीकडे, बॉडी दुसरीकडे आणि नट-बोल्ट कुठल्यातरी डब्यात अशी स्थिती होते. मग लेथवाल्याकडची फेरी लांबते, पैसे कमी पडतात, कुठला बोल्ट कुठला हे कोणाला आठवत नाही आणि गाडी कायमची सुटी राहते. अशी अर्धवट पडलेली जीप पुढे भंगाराच्या भावाने जाते. एक चालू शकणारं जुनं यंत्र असं निव्वळ घाईपायी नाहीसं होतं, याचं खरोखर वाईट वाटतं. गाडी पुन्हा उभी करण्याचं काम पहिला नट सैल होण्याआधी सुरू व्हावं, असं माझं मत आहे. गाडी आहे तशी, जोडलेल्या अवस्थेत, तपासावी, मोजावी, तिच्या नोंदी कराव्यात आणि तिला शेवटी काय बनवायचं आहे हे लिहून काढावं. जीप तर या मताची फार चांगली परीक्षा घेते, कारण तिच्यावर हात चालवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो.

ती मुळात घडलीच तशी. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीने पहिला नमुना उभा केला, मग विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी आपापले नमुने आणले, आणि शेवटी विलीजच्या आराखड्यावर विलीज आणि फोर्ड या दोन्ही कारखान्यांत उत्पादन सुरू झालं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत या जीपची संख्या सहा लाखांच्या वर गेली होती. दोन कारखान्यांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत, रणभूमीवर एका मोडक्या जीपचा भाग दुसरीला लागला पाहिजे, ही अटच होती. युद्धानंतर सीजे मालिकेच्या नागरी जीप आल्या आणि १९५३ मध्ये सीजे-३बी आली. भारतात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘जीप’ म्हटलं की जी उंच नाकाची गाडी येते, ती हीच. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झालेली आणि १९४८ पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेली मुंबईची कंपनी आधी माझगावला विलीजच्या सुट्या भागांची जुळणी करत होती. पुढे तिने सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या गाड्या दशकानुदशकं बनवल्या. पोलीस, लष्कर, वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार अशा सगळीकडे ती राबली.

तिच्या उंच नाकाला कारण आहे. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होते. ताकद ६० अश्वशक्ती होती. पुढच्या हरिकेन इंजिनात आकारमान तेच, म्हणजे सुमारे २.२ लिटर, ठेवून आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि बाहेर टाकणारे ब्लॉकमध्येच राहू दिले. हवा-पेट्रोलचं मिश्रण मोकळेपणी आत येऊ लागलं आणि ताकद ७० अश्वशक्तीच्या वर गेली. पण इंजिनची उंची वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना म्हणून बॉनेट आणि पुढची जाळी वर उचलावी लागली. सीजे-३बीचा सगळा चेहरा असा एका वॉल्व्हच्या जागेवरून ठरलेला आहे. त्या उंच बॉनेटखाली आज भलतंच डिझेल इंजिन बसवलेलं दिसतं, तेव्हा गाडीचं रूप राहतं, पण त्या रूपाचं कारण हरवतं. म्हणूनच समोरच्या जीपमध्ये कशामुळे काय आहे हे समजल्याशिवाय तिच्यातलं काहीही बदलू नये.

भाग एकमेकांना बसतात या गुणामुळेच आपल्याकडची कुठलीही पन्नास-साठ वर्षांची जीप एकसंध असण्याची शक्यता कमी असते. लिलावातून आलेल्या लष्करी चासीवर नागरी बॉडी, तिच्यात नंतरच्या मॉडेलचा गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचं किंवा दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन, असं मिश्रण सर्रास आढळतं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी तर जीपच्या आकाराच्या बॉड्या नव्याने बनवून गाड्या उभ्या करण्याचा मोठा व्यवसायच आहे. त्यामुळे ‘ही कुठली जीप?’ हा प्रश्न सोपा नसतो आणि त्याचं उत्तर गाडीवरच्या खुणांत शोधावं लागतं. युद्धकाळातल्या विलीजच्या चासीचा सर्वांत पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल असतो, फोर्डचा चौकोनी. फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. युद्धकाळातल्या लष्करी जाळीला बहुधा नऊ फटी, नागरी जाळीला सात. नागरी जीपला मागे उघडणारी फळी, लष्करीला बहुधा नाही. आपल्याकडच्या कित्येक जीप डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे. अशी गाडी पुढे कोणी उजव्या हाताची करून घेतली असेल, तर पायाजवळच्या पत्र्यावर बुजवलेल्या भोकांची रांग तिथे दिसते. ही भोकं, जुने वेल्डिंग, अर्धवट खरडलेली अक्षरं हे सगळे पुरावे आहेत. डेंटिंगच्या पहिल्याच दिवशी ते नाहीसे होतात आणि परत मिळवता येत नाहीत.

पुराव्याचा दुसरा भाग कागदात आहे, आणि इथे भावनेपेक्षा कायदा महत्त्वाचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या तिच्यात येतात, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, नोंदणीची मुदत १० वर्षं. नव्याने नोंदलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असलेला क्रमांक मिळतो आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. याचा अर्थ असा की आज उत्साहाच्या भरात उचललेला कटर उद्या गाडीचा कायदेशीर दर्जा घालवू शकतो. आरसी बुकावरचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार हे गाडीवरच्या ठशांशी जुळतात का, हे पहिल्याच दिवशी पाहावं. गंजाखाली ठसा दिसत नसेल तर तो मऊ ब्रश आणि गंज सोडवणाऱ्या तेलाने हळूहळू उघडा करावा. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा त्या जागेवर चालवला आणि क्रमांक पुसट झाला, तर चोरीच्या गाडीचा संशय घेण्याचं पुरेसं कारण आपणच आपल्या हाताने दिलं असं होतं.

आता यंत्राकडे वळू. ‘उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?’ हा मिस्त्रींचा नेहमीचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्यही आहे. बेअरिंगवरचे चरे, गिअरचे तुटलेले दात उघडल्यावरच दिसतात. पण झीज कुठे आहे यापेक्षा ती कशी वागते हे कळणं अनेकदा अधिक मोलाचं असतं, आणि ते जोडलेल्या गाडीतच कळतं. जीपच्या स्टिअरिंगचं उदाहरण घ्या. चाक फिरवल्यावर हालचाल स्टिअरिंग बॉक्समधून आर्मकडे, तिथून लांब दांड्यातून पुढच्या मधल्या बेल क्रँकपर्यंत आणि मग दोन टाय रॉडांतून चाकांपर्यंत जाते. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते आणि तिची बेरीज हाताला जाणवते. एकाने स्टिअरिंग थोडं-थोडं हलवत राहावं आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जावं. कुठल्या सांध्यापाशी हालचाल हरवते ते अर्ध्या तासात उघड होतं, आणि बऱ्याचदा दोषी तो बेल क्रँकच निघतो. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खुळखुळ जाणवली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये की किंग पिनमध्ये? ब्रेक चालू अवस्थेत असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. खुळखुळ थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंग पिन. ब्रेक लागला की ड्रम त्याच्या मागच्या पाटीला जखडतो, बेअरिंगची ढिलाई झाकली जाते आणि उरते ती किंग पिनची. एवढं अचूक निदान, तेही एक पैसा खर्च न करता. हेच भाग सुटे होऊन टेबलावर आले की प्रत्येकच थोडा झिजलेला दिसतो, आणि मग सगळंच बदलायचा खर्च गळ्यात पडतो.

कमानपाट्यांचंही असंच. गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. ड्रायव्हर आणि त्याच्या सीटखालची पेट्रोलची टाकी एकाच अंगाला असल्याने ती बाजू वर्षानुवर्षं दबलेली असू शकते. चासीचे कर्ण मोजायचे तेही आधीच. डाव्या पुढच्या ठरावीक भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंतचं अंतर आणि त्याच्या उलट दिशेचं अंतर सारखं आलं नाही, तर चासी कधीतरी धडकेत वाकडी झालेली आहे, आणि मग बाकीच्या कामाचा हिशोबच बदलतो. पाट्यांच्या टोकांचे कंस, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि ट्रेलर ओढून थकलेला मागचा आडवा दांडा इथे तडे शोधावेत.

पत्र्याच्या बाबतीत मात्र घाई सर्वांत घातक ठरते. रंगाखाली लांबी किती भरली आहे हे साध्या लोहचुंबकाने कळतं. जाड लांबीवर त्याची पकड सुटते. तळाचा पत्रा हलक्या हातोडीने वाजवत गेलं की टणक आवाज अचानक बद्द होतो, तिथे गंजाने पोखरलेलं असतं. युद्धकाळातल्या जीपच्या तळाखाली आधारासाठी वळवलेल्या पत्र्याच्या पन्हाळी होत्या आणि त्यांत लाकडाचे ठोकळे भरलेले असत. लाकूड पाणी धरून ठेवतं, म्हणून या जागा आतून कुजतात आणि वरून धडधाकट दिसतात. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेली जीप आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेत राहिलेली जीप यांत हा फरक फार मोठा असतो. गाडी कुठे वावरली हे विचारायला विसरू नये. रंगाच्या थरांसाठी एखाद्या आडोशाच्या जागी बारीक पॉलिश पेपरने पाण्यासह गोल घासत जावं. एकात एक वर्तुळं दिसू लागतात. वरचा भडक लाल, त्याखाली सरकारी पांढरा, त्याखाली लष्करी हिरवा असा क्रम निघाला तर गाडीने आपली नोकरी-चाकरी स्वतःच सांगितली. सगळी बॉडी वाळूच्या माऱ्यासाठी पाठवली की हे संपतं, शिवाय जोराच्या माऱ्याने सपाट पत्रा लहरतो. वाळूचा मारा वाईट असं मी म्हणत नाही. जाड चासीला तो उत्तम, पण तोही छायाचित्रं आणि मापं झाल्यावर. या घासकामात तोंडाला चांगला मास्क हवाच, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

इंजिन चालू करून पाहण्याचा मोह आवरणं सगळ्यात कठीण. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला बॅटरी जोडून सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तिथे तुटू शकतात, आणि अडकलेला वॉल्व्ह वाकू शकतो. आधी चारही प्लग काढावेत. त्यांचा रंगच बोलका असतो. तेलकट काळा म्हणजे आत तेल येतंय, गंजका म्हणजे पाणी. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ, मुरणारं तेल सोडून काही दिवस थांबावं. चेंबरचा बोल्ट अगदी हळू सैल केला की तेलाआधी पाणी आलं का ते दिसतं. पाणी जड असल्याने तळाला बसलेलं असतं. यानंतर हँडलने, हाताच्या जोराने, इंजिन थोडंथोडं फिरवून पाहावं. ते मोकळं फिरू लागलं की दाब मोजावा. इथे आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे पाहायचं. एखादं कमी निघालं तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावं. दाब चढला तर रिंगा झिजल्या, कारण तेलाने तात्पुरती फट बुजवली. चढला नाही तर दोष बहुधा वॉल्व्हमध्ये. बोअरिंग करायचं की फक्त वॉल्व्ह घासायचे या हजारोंच्या फरकाचा निर्णय एवढ्याशा चाचणीवर होतो.

इंजिन लागलं तरी गाडी हलवू नये, आधी ब्रेक. जुन्या जीपचे चारही ड्रम ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर असतात. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्रेकचं तेल हवेतली वाफ शोषून घेतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या दाबाने उडवण्याची सवय मोडलीच पाहिजे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करावी. पेट्रोलची टाकी धुवावी, आणि आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे पाइप आणि पंपाचे पडदे बसवावेत. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी असलेल्या गाडीत हे टाळण्यासारखं काम नाही. टायरची नक्षी शाबूत असली तरी कुशीवर चिरा असतील तर तो टायर मोडीतच.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जीप ही काही राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइस नाही. ती बदलण्यासाठी, तोडून-जोडून वापरण्यासाठीच जन्मली. मग तिच्या मूळपणाचा एवढा आग्रह का? आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच जीपवरचा प्रत्येक जुना फेरफार काढून टाकून ती कारखान्यातून आली तशी चकाचक करणं हेही मला चुकीचं वाटतं. वनखात्याच्या कार्यशाळेने बसवलेला कंदिलाचा हुक किंवा कारखान्याच्या मिस्त्रीने लावलेली जाड पट्टी हा तिच्या आयुष्याचा भाग आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, स्वीकारलेली ट्युरिन सनद हाच विचार मांडते. जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती लिहिली आहे. वाहनाच्या हयातीत झालेले बदल हेही त्याच्या इतिहासात धरावेत, कमीत कमी हात लावावा आणि जे करू त्याची नोंद ठेवावी असं तिचं म्हणणं. अमेरिकेत फोर्डचा १९४० चा ‘पिग्मी’ नावाचा जीपचा नमुना अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या संग्रहालयात आहे. तो राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन यादीत घेतला गेला, तेव्हा त्याच्या सविस्तर नोंदी करण्यावर मोठा भर होता. असा अवशेष नव्या रंगाने मोलाचा होत नसतो. त्यातलं किती जुनं शाबूत आहे, यावर त्याचं मोल ठरतं. आपल्या गल्लीतल्या जीपला पिग्मीचा मान नसेल, पण भारतातल्या कामाच्या जीपची कथा सांगणाऱ्या गाड्या आपणच जपल्या नाहीत तर इतर कोणी जपणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्यावर तडजोड हवी. एका नळीच्या ब्रेकने आजच्या घाटात उतरणं धोक्याचं आहे. दोन वेगळ्या जाळ्यांचा मास्टर सिलिंडर, सीट बेल्ट, चांगले दिवे यांना विरोध करण्यात अर्थ नाही. फक्त ते असे बसवावेत की उद्या काढता येतील. चासीला नवं भोक न पाडता, आधीच्या बोल्टच्या जागी कंस लावून. काढलेला जुना मास्टर सिलिंडर पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा. सुटे भाग सहज मिळतात हे जीपचं भाग्य आहे, पण त्याच भाग्यामुळे चांगला जुना भागही फेकला जातो. नव्याने बनलेल्या भागांची प्रत सारखी नसते. कितीदा तरी जुना भाग साफ करून परत बसवलेला बरा ठरतो, आणि नवा घेतला तरी मापासाठी जुना हवाच असतो.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र डिझेल बसवलेल्या जीपचा. चासी सीजे-३बीची, हरिकेन इंजिन कधीच भंगारात गेलेलं, जागी दुसरं इंजिन, आणि ते आरसीवर रीतसर नोंदलेलंही. अशा गाडीला पेट्रोल इंजिन शोधून द्यायचं का? ते मिळालं तरी त्याचा क्रमांक वेगळा असणार, आणि इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नोंद हे ओघाने आलंच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेल्या फेरफारांबद्दल कडक भूमिका घेतली. माझ्या मते, डिझेल इंजिन तीस-चाळीस वर्षं त्या गाडीत राबलं असेल आणि कागदोपत्री नोंदलेलं असेल, तर ते राहू द्यावं. व्हिंटेज क्रमांकाची आशा सोडावी आणि तिला तिच्या कामाच्या आयुष्यातली जीप म्हणून दुरुस्त करावं. ते इंजिन पाच वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने, नोंद न करता घातलेलं असेल, तर आधी परिवहन कार्यालयात जाऊन कागद सरळ करावेत, मूळ जातीचं इंजिन मिळतं का ते पाहावं, आणि ते हातात येईपर्यंत बॉडीला हात लावू नये. यांतला कुठला पर्याय लागू आहे हे चासीचे ठसे, रंगाचे थर आणि आरसी बुक एकत्र वाचल्यावर कळतं.